एका खळग्यात एकच बी

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
२१ नोव्हेंबर १९९१

चि. सौ. रसिका हिला,

भाईंदरहून सासूचे भरघोस आशीर्वाद. इकडे आम्ही तिघंही धडधाकट आहोत. थंडी पडायला लागलीय, तेव्हा तुझ्या आईच्या गुडघ्यांना शेक देत जा. तुझ्या बाबांना, शशिकांतरावांना, नमस्कार सांग.

दिवाळसणाला म्हणून तुम्ही दोघं पेणला गेलात आणि पराग एकटाच परत आला. बिल्डिंगमध्ये कोणी विचारलं की मी सांगते, लग्नानंतरची पहिली दिवाळी आहे, राहू दे की लेकीला आईबापांजवळ चार दिवस. आता तुळशीचं लग्नही लागून गेलं. चार दिवस जरा लांबलेत, एवढंच.

पण पत्र लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. मला एक गोष्ट सापडलीय आणि ती ऐकायला घरात कोणी नाही. पराग ऑफिसातून येतो तो टीव्हीसमोर बसतो. तुझे सासरे, आपले अण्णा, म्हणतात, पेपर वाचून होऊ दे, मग बोल. त्यांचा पेपर काही संपत नाही. म्हणून तुला लिहिते.

काल दुपारी मी पालकाचं बी अडकित्त्यानं फोडलं.

हसू नकोस. भाजीवाल्या व्हेरानं उत्तनहून आणून दिलेल्या पुडीत थोडं उरलं होतं. ते बी तू हाताळलंयस. खडबडीत, वाकडंतिकडं, वाळूतला मोठासा खडा वाटावा असं. पहिलं अडकित्त्यातून उडालं ते थेट गॅसच्या मागे. दुसऱ्याचा भुगा झाला. तिसरं मात्र मधोमध चिरलं गेलं. अण्णांचं पेपर वाचायचं भिंग घेतलं आणि खिडकीशी जाऊन पाहिलं. रसिका, आत दोन खोल्या! दोन्हीत एकेक बारीक, तांबूस, चकचकीत दाणा झोपलेला. मग मला कुठली चैन पडायला! आणखी फोडली. कुणात दोन, कुणात तीन, एखाद्यात एकच. म्हणजे बाहेरून बघावं तर एक बिऱ्हाड आणि आत पोटभाडेकरू. बी अगदी भाईंदरला शोभेल असं आहे.

त्या दिवशीचं मी काही लिहिणार नव्हते. पण आता लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

अण्णांनी बिल्डिंगमागच्या जमिनीच्या तुकड्यात दोरी बांधून, फूटपट्टी लावून खळगे केले होते. ड्रॉइंग ऑफिसात जन्म गेलेला माणूस. त्यांचा पालकसुद्धा सरळ रेषेत उभा राहिला पाहिजे. तुला म्हणाले, एका खळग्यात एकच बी. तू तसंच केलंस. आणि उगवून आलं तेव्हा जागोजागी दोन-दोन, तीन-तीन. नेमकी टँकरची वाट बघत अर्धी बिल्डिंग तिथे हंडे-बादल्या घेऊन उभी.

“मूठ मूठ ओतलंस ना?”

“नाही अण्णा, मी एकेकच टाकलं.”

“मग बाकीची काय आभाळातून पडली?”

तू पुन्हा तेच सांगितलंस, सावकाश, नजर न चुकवता. त्यावर ते तुझ्या खरेखोटेपणाबद्दल जे बोलले, ते मी इथे उतरवत नाही. पराग म्हणाला, “जाऊ दे ना, पालकच तर आहे.” तू माझ्याकडे बघितलंस. मी हंडा विसळत होते. विसळून झालेला हंडा मी पुन्हा विसळायला घेतला.

असो. अण्णांना अजून काही सांगितलेलं नाही. आत दाणे दोन असले, तरी दोन्ही उगवतात का, हे कुठे ठाऊक आहे? म्हणून थोडं बी रात्री भिजत घातलं आणि सकाळी बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात माती भरून लावलं. एका खळग्यात एक. लावताना स्वतःशीच मोठ्यानं बोलत होते. शेजारची भानुबेन खिडकीतून म्हणाली, “कोना से बात करती हो, सुगंधाबेन?”

व्हेरालाही विचारून पाहिलं. ती टोपली उतरवून कपाळावर हात मारत म्हणाली, “बाय, आमी मुठीनं फेकतो. कोन मोजतंय? बी हाय, मोती न्हाय!” तिचंही बरोबर आहे. फेकणाऱ्याला हे कधी कळणारच नाही. मोजून लावणाऱ्यालाच कळेल. आणि मोजून पालक लावणारा माणूस साऱ्या पंचक्रोशीत आपल्याच घरात निघाला.

काय उगवतं ते कळवीन.

तुझी,
सासूबाई


जेसल पार्क
१३ डिसेंबर १९९१

चि. सौ. रसिका,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर केला तो मुद्दामच. रिकाम्या हातानं लिहायला नको वाटलं.

तू लिहिलंस, “आई, एका बीची तीन रोपं झाली तरी अण्णांनी मला खोटारडी म्हटलं ते काही बदलत नाही. त्यांनी तो शब्द परत घेतल्याशिवाय मी येणार नाही.” हे वाचून मी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडलं, पुन्हा वाचलं. तुझं अक्षर किती सुंदर आहे गं. राग आलेला असतानासुद्धा ओळ वाकडी जात नाही.

आणखी एक तू लिहिलंस, ते मला माहीतच नव्हतं. दिवाळसणाच्या पंगतीत परागनं तो सगळा प्रकार गंमत म्हणून सांगितला आणि शशिकांतरावांनी हातातला घास ताटात ठेवला. त्याला विचारलं तर म्हणतो, “अगं, मला वाटलं हसतील.” मी म्हटलं, तुझ्या बायकोला चारचौघांत खोटारडी म्हटलं, यात हसण्यासारखं नेमकं कुठे होतं, ते मला दाखव. त्या दिवसापासून टीव्ही जरा कमी लागतो.

आता डब्याचं ऐक. उगवलं! आणि जे बघायचं होतं तेच दिसलं. एका खळग्यात दोन, पलीकडे तीन, कोपऱ्यात एकटंच एक. आणखी एक मौज दिसली. वरची माती वाळून तिचा पापुद्रा धरला होता. तिघं जिथे होती तिथे तिघांनी मिळून तो पापुद्रा टोपीसारखा उचलून धरला होता. एकटं होतं ते बिचारं खालीच मान मोडून अडकलेलं. मी नखानं माती दूर केली तेव्हा वर आलं. म्हणून हे बी असं जोडीनं बांधलेलं असेल का? की एक मेलं तर दुसरं असावं म्हणून? शाळा चौथीतच सुटली माझी. नाहीतर कुणा मास्तरांना गाठून विचारलं असतं. तुझं कॉलेज झालंय. तुला काय वाटतं?

डबा अण्णांसमोर नेऊन ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, बघितलं आणि म्हणाले, “तू सुनेच्या बाजूची. तुझा डबा पुरावा म्हणून चालणार नाही.”

“मग तुम्ही लावा.”

“मी लावीन आणि तू मागून चिमूटभर टाकशील.”

शेवटी भानुबेनला पंच नेमलं. ती नवी साडी नेसून आली. चेष्टा नव्हे, खरंच. “लाओ, मैं डालती हूँ. एक-एक दाना. सब देखो हां, बाद में मेरेकू नहीं बोलने का.” अण्णांनी प्रत्येक बी आधी भिंगाखाली धरून पाहिलं, मग तिच्या तळहातावर ठेवलं. डबा स्वतःच्या खिडकीत ठेवला, ग्रिलला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला अडकवली. पाणीही स्वतःच घालायचे. चिमण्या आल्या की पेपरची गुंडाळी घेऊन उठायचे. रसिका, नोकरीत असतानासुद्धा इतकी दक्षता मी पाहिली नव्हती.

परवा सकाळी चहा गाळत होते. बघते तर हे खिडकीशी वाकलेले, डोळ्याला भिंग, ओठ हलताहेत. मोजून झालं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग आले आणि खुर्चीत बसले. चहात साखर घालायची मी विसरले होते. तो तसाच प्याले. कळलंही नाही त्यांना.

कप खाली ठेवून म्हणाले, “बीच तसं आहे.”

मी म्हटलं, “बी कसं आहे ते कळलं. आता सून कशी आहे ते सांगा.”

“बघू,” म्हणाले आणि पेपर उघडला. पेपर उलटा धरला होता असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण सरळच होता.

“ये” असं मी लिहीत नाही. मागच्या पत्रातही तेच लिहायचं होतं आणि अडकित्ता, भिंग करत बसले. “ये” म्हणायला मला तोंड आहे कुठे? त्या दिवशी तू माझ्याकडे बघितलंस, तेव्हा बी फोडून बघायची गरज नव्हती. तू खोटं बोलत नाहीस हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असून मी हंडा विसळत राहिले. अण्णांना निदान खरंच तसं वाटलं होतं.

आईला विचारलं म्हणून सांग.

तुझी,
सुगंधा पाटकर


जेसल पार्क
२३ डिसेंबर १९९१

चि. सौ. रसिका,

हे पत्र घाईनं लिहिते आहे, कारण ते आमच्या आधी पोचायला हवं.

गेल्या आठवड्यात टँकर आला तेव्हा सगळे मागे जमले होते. अण्णा डबा घेऊन बाहेर आले. मला वाटलं, आता बोलतील. आणि बोललेही! पालकाचं बी वरून एक दिसलं तरी मुळात तो दोन-तीन बियांचा गुच्छ असतो, हे बारकाईनं पाहिल्याशिवाय समजत नाही, वगैरे वगैरे. शोध जणू ह्यांनीच लावला. भिंगसुद्धा फिरवलं हातोहात. भानुबेन म्हणाली, “वाह पाटकरभाई, क्या बात है!” लोक माना डोलावताहेत, हे खूश. तुझं नाव कुठेच नाही.

मला काय झालं कळलं नाही. बादली खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “म्हणजे रसिकानं एकेकच बी टाकलं होतं. ती खरं बोलत होती आणि ह्यांनी तिला इथेच उभं करून खोटारडी म्हटलं. मी इथेच होते आणि गप्प बसले.”

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांच्या बोलण्यावर मी चारचौघांत कधी बोलले नव्हते. नळीतून पाणी वाहतंय आणि कोणी भांडं लावत नाही, असं झालं. शेवटी भानुबेनच म्हणाली, “तो बहू सच्ची थी, ना?” अण्णा रिकामी बादली उचलून आत गेले.

मग अबोला. जेवताना मीठ हवं असलं तरी परागला सांगायचे. मी म्हटलं, राहू दे. मीही आपणहून बोलले नाही. मला भीती वाटली नाही असं नाही. माणूस वयानं थकलाय, रागानं काही झालं तर, असंही मनात येऊन गेलं. पण तोंडातून गेलेलं परत घ्यावं असं एकदाही वाटलं नाही.

काल संध्याकाळी मागच्या वाफ्याशी उभे होते. तू लावलेला पालक आता चांगला पानांवर आलाय. मी त्यातलं एकही रोप उपटू दिलेलं नाही, दाटीनं पानं लहान राहिली तर राहू देत. तिथूनच त्यांनी हाक मारली, “अगं, ठाण्याहून पेणची गाडी सकाळी कितीला असते?”

“कशाला?”

“शशिकांतरावांपर्यंत गेलंय ना ते. मग तिथे जाऊनच बोलायला हवं. इथल्या लोकांना तर तू सांगून टाकलंस.”

मी म्हटलं, काय बोलणार ते आधी मला म्हणून दाखवा. दोनदा घसा खाकरला. मग म्हणाले, “रसिका खोटं बोलली नाही. मी चुकलो.” एवढंच. मला वाटलं होतं त्यात बी, गुच्छ, भिंग सगळं येईल. काही आलं नाही. परागनं आतून ऐकलं. तो येऊन उंबऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, “आई, मी काय बोलू तिथे?” मी म्हटलं, तू आधी ऐक. तिला काय म्हणायचंय ते पूर्ण ऐक. मग सुचेल.

तेव्हा येत्या रविवारी आम्ही तिघं निघतोय. वरसाव्याच्या नाक्यावर ठाण्याची बस धरू, म्हणजे जेवणाच्या आधी पोचू. सासरा सुनेच्या माहेरी असा येत नाही, लोक काय ते म्हणतील, म्हणू देत. तुला न्यायला येत नाही आहोत, हे नीट लक्षात घे. तू तुझी पिशवी भरून ठेवू नकोस. यायचं की नाही, कधी यायचं, आणि आलीस तर आमच्यातच राहायचं की परागसोबत वेगळी खोली बघायची, हे तू ठरव. मी कशालाही नाही म्हणणार नाही, आणि अण्णांनी म्हटलं तर ह्या वेळी मी तिथे असेन.

फक्त एक काम कर. तुमच्याकडची रीत मला ठाऊक आहे, पाहुणा पायरी चढला की तुझी आई आधी पाणी घेऊन येते. त्या दिवशी तिला थांबव. अण्णांना ओसरीवर उभं राहू दे, शशिकांतरावांना समोर बसव, तूही बस. त्यांचं ते वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत कोणी पाणी पुढे करू नका. मी ह्या माणसाला आयुष्यभर ओळखते. हातात तांब्या आला तर पाण्याबरोबर ते वाक्यही गिळून टाकतील आणि मग हवापाण्याच्या गप्पा सुरू होतील. तहान लागली तर लागू दे. आधी बोलू दे.

रविवारपर्यंत जीव टांगणीला लावून बसलेली,
तुझी,
सुगंधा