बसून राह्यल्याचा दाखला

२ जून १९८६

वंदे, मी सांगते तसं लिही. आधी तारीख टाक. काल विसरली. बेडकाच्या पोटातली नस न् नस पाठ, अन् तारीख विचारली तर भिंतीकडं पाहते! पुढं ही वही वाचशील अन् म्हणशील, कोण ही म्हातारी बडबडून राह्यली? तुही आजी. विसरशील, म्हणून सांगून ठेवलं.

बाकी काही नाई. कपडे धुतले. वंदना जेवली नाई.

४ जून

मधुकर आला ऊर्जानगरहून. माहा पोरगा, वंदनेचा बाप. नागपूरच्या दातांच्या कॉलेजात विचारून आला. पोरगी बारावी सायन्स झाली त्याले चार वर्षं झाली. तवाच जायची होती, पण तिची आई अंथरुणाले खिळली, ही घरी राह्यली. आई पौषात गेली. आता ते मार्क चालतात का?

"एक बाबू म्हणे, चालतात. दुसरा म्हणे, जुने झाले, अभ्यासक्रम बदलला."

"तिसऱ्याले विचाराचं होतं."

"तिसरा जेवाले गेला होता, माय."

वंदना तांदूळ निवडत होती. दुसऱ्याच कोणाचं बोलणं चाललं जसं.

५ जून

जुनं धान पेराचं असलं तर आधी मूठभर ओल्या फडक्यात बांधून ठेवतो. मोड आले तर बी, नाईतर भात. पोरीले कोणत्या फडक्यात बांधू?

म्हटलं, शिकलेलं म्हणून दाखव. काळजाचे कप्पे म्हटले, रक्त कुठून येते, कुठी जाते. आवाजात मीठ नाई. बरोबर का चूक, मले काय कळते. पण मधात थांबली नाई.

९ जून

दोघी वडशाले गेलो. मधल्या वर्षांत काय केलं, त्याचा कागद पाहिजे म्हणते कॉलेज. कचेरीसमोर अर्ज लिहिणारा बसते, त्याच्याकडं.

"पौषापर्यंत आईची सेवा. बरं. अन् पौषापासून?"

वंदना त्याच्या पेनाकडं पाहत होती.

"शिवण? टायपिंग? काही केलं असंल ना."

"बसून होती."

"असं नाई लिहिता येत, बाई."

मी म्हटलं, "काऊन? भाऊ, तुम्ही बी तर बसूनच आहा."

तो हसला. वंदना नाई. त्यानं लिहिलं, घरकाम. साक्षीले मी खाली अंगठा दिला.

घरकाम खोटं. चूल मीच पेटवत होती. ही आईच्या खाटेपाशी बसे. खाट रिकामी, तरी बसे. मी बी कधी उठवलं नाई तिले. उठवून काय सांगू...

हात काऊन थांबला? लिही.

१४ जून

मधुकर कागद देऊन आला. मोठे साहेब पाहतील. मार्क धरले का नाई, ते यादी लागल्यावरच. पोरीले समोर बोलावलं आहे. आज निघते, आत्याकडं राहील.

"जाशील ना?"

"नेलं तर जाईन."

"बकरी आहेस काय?"

हसली वाटते. मले आता नीट दिसत नाई. रडू यावं असं वाटलं, तेही नाई आलं. पेटी बांधून झाली.

वही घेऊन जा. इथी मले कोण वाचून दाखवते.

अन् तिथी हो म्हणोत का नाई, मले खाले काही पाठव. चिवडा नको, फुटाणे नको. मऊ पेढे पाठव. तू दात बसवून देईस्तोवर तेच चालतील.