वहिनीला फोन उचलता येत नाही म्हणून

मी, खाली सही करणारी, प्रसाविकाशास्त्राची, म्हणजे सुईणकामाची, निवृत्त प्राध्यापिका, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. धाकटी बहीण शेजारी बसून "ताई, हे सगळं आत्ताच कशाला?" म्हणते आहे, पण ते दडपण नव्हे, तिची सवय आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात केले होते.

१. राहते घर बहिणीला. अट एकच : मागच्या खोलीतून वहिनीला हलवायचे नाही. वकिलांच्या माहितीसाठी : वहिनी म्हणजे विद्यार्थिनींना बाळंतपण शिकवण्यासाठीची रबरी बाई. कॉलेजने तिला भंगारात काढले तेव्हा मी टॅक्सीतून घरी आणली. चालकाने "पेशंटला पट्टा लावा" म्हणून बजावले. तिचे बाळ बालरोग विभागाने उसने नेले आहे. ते परत मिळवून तिच्याजवळ ठेवावे. बहीण विचारते, पाहुण्यांना काय सांगू? वहिनी आहे म्हणून सांग.

२. बँकेतली शिल्लक तरुण सुइणींच्या टॅक्सीभाड्याला, म्हणजे आपापल्या बाईपर्यंत त्यांना वेळेत पोचता येईल.

३. निरोपाला मिळालेले भिंतीवरचे घड्याळ प्राचार्यांना परत. त्या भाषणात त्यांनी माझे कौतुक दंतवैद्यक विभागातली म्हणून केले होते.

४. आता मुख्य. गरोदर बाईला पहिल्या तपासणीपासून बाळंतपणानंतरपर्यंत एकच ओळखीची सुईण मिळावी, हे सिद्ध करण्यात माझी हयात गेली. मागच्या आजारपणात मात्र रुग्णालयात माझ्या खाटेशी परिचारिकांच्या दर पाळीला नवा चेहरा आला. एके दिवशी मला तीनदा आंघोळ घातली, कारण प्रत्येक पाळीला मी नवी होते. तेव्हापासून मला मरणाची नाही, पाळी बदलण्याची भीती वाटते.

म्हणून शेवटच्या दुखण्यापासून शेवटच्या श्वासापर्यंत माझ्याजवळ एकच ओळखीचे माणूस असावे. निवड करायला मी माझ्याच संशोधनातली मोजपट्टी लावली : आजवर तेच माणूस किती वेळा हजर होते? बहीण बाद; रक्ताचा विषय निघाला की ती गॅलरीत जाते. पहिली आली वहिनी. माझा एकही तास तिने बुडवला नाही. पण वहिनीला फोन उचलता येत नाही.

दुसरी आली आमची विभागप्रमुख. "नोंदी नीट असल्या की माणूस कोणीही चालतं," हे तिचे जन्माचे मत. माझ्या प्रत्येक व्याख्यानाला ती पहिल्या रांगेत बसली आणि शेवटी पहिला हात तिचाच वर गेला. माझ्या आईच्या आजारपणामुळे एक व्याख्यान रद्द झाले, तर घरी येऊन आक्षेप सांगून गेली. जाताना ओट्यावर डबा ठेवून गेली.

हिशेब पुन्हा करून पाहिला. तीच आली. मोजपट्टी चुकीची म्हणावी, तर माझे सगळे संशोधन बुडते. सबब, मी तिचीच नेमणूक करते.

आज तिला बोलावून हे वाचून दाखवले.

"मरताना तरी सोड मला," ती म्हणाली.

"मेल्यावर सोडतेच आहे. त्याआधीचं बोल."

"आणि मला काय मिळणार?"

"काही नाही. काही मिळालं तर साक्षीदार होता येत नाही."

"अगं, मी बाळंतपणं केलीत. हे उलटं काम."

"उलटं कसलं? हात धरायचा, धीर द्यायचा, घाई करायची नाही."

मग तिने पेन मागितले.

स्थळ : जेवणाचे टेबल.
दिनांक : आजचा गुरुवार; वकिलांचा शिक्का आहे तोच.

सही : निवृत्त प्राध्यापिका

साक्षीदार पहिला : नळ दुरुस्त करायला आलो होतो. सगळ्यांच्या सह्या माझ्यासमोर झाल्या. मागच्या खोलीत दचकलो, पण बाई शुद्धीत आहेत.

साक्षीदार दुसरी : विभागप्रमुख. वरील निष्कर्षाशी असहमत. एका व्यक्तीवरून काही सिद्ध होत नाही. फोन उशाशी ठेवते. आंघोळ एकदाच घालीन.