मध्ये सासूबाई, कडेला साडू

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त उभ्यानेच). तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं. चाळीस वर्षं दुर्बिणी दुरुस्त केलेल्या माणसाच्या डोळ्यात काच बसवताना डॉक्टरांना किती सूचना ऐकाव्या लागल्या असतील, याची कल्पना येते.

पत्रास कारण, तुम्ही मला दिलेली कॅमेऱ्याची पन्नास मिलिमीटरची लेन्स. तिच्यात बुरशीची जाळी दिसली म्हणून स्टुडिओतल्या टेबलावर ती उघडली. (उघडू नकोस असं तुम्ही बजावलं होतं, हे उघडल्यावर आठवलं.) आतली रचना पाहून मन भरून आलं. मध्ये उजेड कमीजास्त करणारी पाती, तीन काचा पुढे, तीन मागे, आणि पुढच्यांनी केलेल्या चुका मागच्यांनी मुकाट्याने निस्तरायच्या. इतका समजूतदार संसार आमच्या नात्यात तरी नाही. काचा पुसून परत बसवल्या आणि टेबलावर एक पातळ कडी उरली. लेन्स तर छान फिरत होती, तेव्हा कडी जास्तीची असणार असं मी धरून चाललो.

त्याच रविवारी सासूबाईंचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता. दिवाणखान्यात चौदा माणसं आणि उजेड बेताचा, म्हणून मी पाती पूर्ण उघडली आणि दारात उभं राहून फोटो काढला. सासूबाई मधोमध, अगदी सुरेख आल्या. चेहऱ्यावर सायीसारखा मऊपणा. पण जसजसं कडेकडे जावं तसतशी माणसं ओघळत गेली होती. उंचीमुळे टोकाला उभे केलेले माझे साडू (हे मोजणी खात्यात अधिकारी आहेत, रेषा सरळ नसली की त्यांना चैन पडत नाही) तर एखाद्या स्वल्पविरामासारखे दिसत होते. त्यांनी फोटोवर पट्टी ठेवून स्वतःचं डोकं मोजलं आणि म्हणाले, "हे मुद्दाम केलंय." मी उरलेली कडी, तिच्यामुळे काचांमधलं बिघडलेलं अंतर, कडेचे तिरपे किरण, सगळं समजावलं. त्यांनी विचारलं, "मग तिरपे किरण नेमके माझ्याकडेच कसे आले?"

पुढच्या रविवारी सगळ्यांना परत बसवलं. दिवे लावले, पाती बरीच मिटली. मामा, पाती मिटल्यावर ती बिघडलेली लेन्सही अशी सुधारली की साडूंच्या खिशातल्या पेनाची क्लिप मोजता यावी. साडू खूश. सासूबाईंनी मात्र फोटो हातभर लांब धरला आणि म्हणाल्या, "यात मी पंच्याहत्तरची दिसते."

"अहो, पण तुम्ही आहातच ना पंच्याहत्तरच्या."

"ते मला माहीत आहे. भिंतीला कशाला कळायला हवं?"

पहिला फोटो भिंतीवर लागला. तो उतरेपर्यंत साडू त्या घरात पाऊल टाकणार नाहीत. त्यांची बायको, म्हणजे हिची थोरली बहीण, नवऱ्याची बाजू घेते, आणि ही आईची. दोघी रोज दुपारी तासभर फोनवर बोलायच्या. आता दुपारी आमच्या घरात पंख्याचा आवाज ऐकू येतो.

लेन्स आणि कडी सोबत पाठवतो आहे. दुरुस्त करून द्यावी.

तुमचा आज्ञाधारक (एक वेळ सोडून) भाचा

ता. क. लेन्स पाठवत नाही. आत्ताच साडू स्टुडिओत येऊन गेले. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "साठीचा फोटो काढायचाय. त्याच लेन्सने. मला मध्ये बसवा."

ता. क. २. दुरुस्तीचं राहू द्या, पण तुम्ही या. तुमचं आणि माझ्या आईचं बोलणं बंद आहे, त्यात मी पडत नाही. तिने तुमची चौकशी करायलाही सांगितलेलं नाही. फक्त सकाळी न विचारता हा कागद माझ्यापुढे ठेवला, आणि आता शेजारी उभी राहून अक्षर नीट काढ म्हणते आहे.