नऊ नंबरचा जोड

३ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अ. आ.

तुझी कंबर कशी आहे? मंडळींचा खोकला थांबला का? छोटीला दात आले का? इथे तुझ्या वहिनीचे डोळे आता छान झालेत, माझ्या चुका तिला लांबूनही दिसतात.

आपल्या बास्केटबॉल संघाने आणलेलं रत्न पाहिलंस ना? करार संपून मोकळा फिरत होता, कुत्रंही विचारत नव्हतं. त्याला आमच्या शहाण्यांनी वाजतगाजत आणला. देह ताडमाड, उडी उंबरठा ओलांडल्याएवढी. वर जावईबापूंचा नऊ नंबर काढून त्याला दिला, जावयाला चौदा. उद्या जागाही देतील. लेक काळजीने अर्धी झाली आहे.

आता ऐक. संघाचे बूट नेहमीप्रमाणे माझ्या दुकानात दुरुस्तीला आले. टाचेवर नऊ आकडा लिहिलेला जोड उपडा केला, तर डावा सोल घासून कागद झालेला, उजवा जवळजवळ कोरा. म्हणजे गडी उजव्या पायावर भारच टाकत नाही. गुडघा गेलाय. शनिवारचा सामना तुमच्या गावात आहे, आपल्या लोकांच्या कानावर घाल.

तुझा,
दादा

११ ऑक्टोबर

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

कंबर ठीक, खोकला गेला, छोटी चावते.

तुमचा निरोप गॅलरीभर पोचवला. नवा मैदानात उतरला की सगळे 'लंगड्या, लंगड्या' करत होते. शेजारचा टॅक्सीवाला म्हणाला, असलं भंगार फुकट दिलं तरी दारात ठेवू नये. मीही पोट धरून हसलो.

पण दादा, रागावू नका, लंगड्या शेवटपर्यंत पळत होता. बाकावर बसले ते जावईबापू. उठताना त्यांनी कठडा धरला, आणि हात दिला तो त्या नव्यानेच. मला तर माणूस कामाचा वाटला. तुमच्या बुटाला एकदा पुन्हा विचारा.

आपला,
धाकटा

१५ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अ. आ.

पत्र वाचून आधी तुलाच शिव्या घातल्या. बसवायला नवा सोल मिळाला नव्हता म्हणून जोड फळीवरच होता. बुटाच्या जिभेखाली बोट घातलं, तर आत गेल्या वर्षीचा माझाच टाका. जावईबापूंनी नंबर सोडला, जुने बूट सोडले नाहीत. नव्याला नावं ठेवायच्या घाईत मी स्वतःचं काम ओळखलं नाही.

तसाच लेकीकडे गेलो. जावईबापूंनी आधी उडवून लावलं. जोड पुढ्यात ठेवला तेव्हा म्हणाले, उन्हाळ्यापासून दुखतंय, पण सांगितलं तर जागा जाईल. नव्याने पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. तो कुणाला बोलला नाही, उलट यांच्या वाटची धावपळ अंगावर घेतो. लेक म्हणाली, जागा गेली तर जाऊ दे, पाय राहू दे. उद्या जावईबापू स्वतः प्रशिक्षकांना सांगणार आहेत, मी सोबत जातोय.

नव्याची उडी मला अजून आवडत नाही, नेम तर त्याहून नाही. पण पुढचा सामनाही तिथेच आहे. ज्यांना ज्यांना 'लंगडा' सांगितलंस त्यांना सांग की आमच्या दादाने बूट चुकीचा वाचला. माझं नाव घे, जावयाचं काढू नकोस.

लोभ होताच, यानंतरही उरला तर ठेव. टॅक्सीवाला मला काय काय म्हणाला ते एकही शब्द न गाळता लवकर लिही.

तुझा,
दादा