काळी गाळणी

डंडी, स्कॉटलंड, ६ ऑक्टोबर १९७४

ती. दादास,

कुडकुडणाऱ्या बहिणीचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. नर्सिंगचे वर्ग सुरू झाले, वॉर्डातल्या बाया प्रेमळ आहेत, आणि घरमालकीण मिसेस रेनी तर मला दिवसातून तीनदा बटाटे वाढतात. रडगाणं एकच आहे, कॉफी! इथे ज्याला कॉफी म्हणतात त्यात कपाच्या तळाचं फूल स्पष्ट दिसतं. एका दुकानात काळा पाक मिळतो, बाटलीतून ओतायचा. स्टेशनाजवळच्या हॉटेलात मी कडक द्या असं बजावून सांगितलं, तर त्या बाईने दूध कमी घातलं आणि पाणी वाढवलं. एवढ्यासाठी ताइपिंग सोडलं का मी?

वहिनीने आपल्या कॉफीच्या दुकानातल्या पुडीचा डबा दिला होता, पण गाळायचं कशातून? रुमालातून गाळून पाहिली, चहाच्या गाळण्यातून पाहिली. दिवसभर दातांत चोथा. दुधाची तहान ताकावर भागवत होते.

पण आता ऐक. काल थंडी वाढली म्हणून लोकरीचे कपडे काढायला ट्रंकेचा तळ उपसला, तर वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाबांची मोज्यासारखी लांब कापडी गाळणी! दुकानातली नव्हे, त्यांची स्वतःची, सकाळच्या कपाची, तीन वर्षं मुरलेली, काळीकुट्ट. परक्या आजाऱ्यांची घाणीची भांडी उचलायला पोरीने समुद्रापार जायची गरज नाही म्हणून ज्यांनी महिनाभर अबोला धरला, स्टेशनवर सोडायलाही जे आले नाहीत, त्यांनी ही कधी ठेवली रे? पहिला कप प्यायले आणि वेड्यासारखी रडले. बाबांचा राग गेला असेल का? हळूच अंदाज घेऊन कळव.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, जमल्यास पूडही पाठवावी.

तुझी,
स्यू लान


ताइपिंग, मलेशिया, २८ ऑक्टोबर १९७४

चि. स्यू लान हिस,

दुकानाच्या धुरातून अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वहिनीने डोळे पुसले आणि मी बाबांकडे गेलो. गाळणीचा विषय काढताच ते म्हणाले, की मांजरीने नेऊन टाकली असेल. ट्रंकेत? वर्तमानपत्रात गुंडाळून? ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची सवय तुला ठाऊकच आहे. तुझं नाव अजून घेत नाहीत. पण परवा बिस्किटांच्या डब्याशी बोलल्यासारखं विचारलं, की त्या देशात आटवलेल्या दुधाचा डबा मिळतो का. मी मिळतो म्हटलं. मग म्हणाले, की पाणी खळखळ उकळलेलं असेल तरच ओतावं, नाहीतर पुडीचा अपमान.

स्वतः मात्र दुकानातल्या गाळणीची कॉफी पितात आणि रोज नाक मुरडतात. माझ्या हातात चव नाही हे तर गिऱ्हाइकांसमोर सांगतात. तू सुटलीस, मी अडकलो! पूड पुढच्या आठवड्यात रवाना करतो. पत्र लवकर टाक, लोभ आटू देऊ नकोस.

तुझा दादा,
चिन फोंग


डंडी, २० नोव्हेंबर १९७४

ती. दादास,

घाबरलेल्या बहिणीचा सा. न.

हे पत्र तू एकट्याने वाच. घात झाला. परवा वॉर्डातून परत आले, तर अंगणातल्या दोरीवर मिसेस रेनींच्या चादरींशेजारी एक पांढरंशुभ्र कापड फडफडत होतं. ओळखीचं वाटलं, शिवण पाहिली आणि पाचावर धारण बसली. अरे, ती बाबांची गाळणी! बिचाऱ्या बाईला वाटलं, की पोरीचा कसला तरी मळका मोजा आहे. साबण आणि धुण्याचा सोडा घालून दोन तास उकळला म्हणे. किती कष्टाने डाग काढले ते हौसेने सांगत होत्या, आणि मी हसून आभार मानले. काय करणार! आईच्या मायेने केलं त्यांनी.

आता त्यातून कॉफी गाळली, की साबणाचा फेस येतो. चार वेळा उकळलं, वास जात नाही. चव गेली त्याचं काही नाही रे, काळ्या पाकाची सवय करीन. पण बाबांनी न बोलता एवढी एकच वस्तू दिली, आणि मला ती दोन महिनेही सांभाळता आली नाही. कळलं तर म्हणतील, बरोबरच बोललो होतो मी. पुन्हा कधी बोलणार नाहीत माझ्याशी. तुला शपथ आहे, सांगू नकोस. विचारलंच तर कॉफी फर्मास होते म्हणावं.

तुझी अपराधी,
स्यू लान


ताइपिंग, १४ डिसेंबर १९७४

चि. स्यू लान हिस आशीर्वाद.

आधी पोट धरून हसलो, मग मिसेस रेनींना मनोमन हात जोडले. पत्र आलं तेव्हा मी बाजारात होतो. आल्यावर बिस्किटांच्या डब्याखाली सापडलं, पाकीट जरा उघडलेलं होतं. पण काळजी नको, ओलाव्याने डिंक सुटतो. बाबांना मी ठोकून सांगितलं, की कॉफी फर्मास होते. ते हं म्हणाले.

इकडे निराळाच छळ चाललाय. बाबांनी स्वतःसाठी नवी गाळणी शिवली. रोज पहाटे तीतून कॉफी गाळतात आणि कापड मुरेपर्यंत घरच्यांनीच प्यायची असा हुकूम आहे. वहिनी म्हणते, शर्ट उकळून प्यायल्यासारखं लागतं. काल त्यांनी दुसरंही एक कापड कापलंय, कशाला ते विचारायची माझी छाती नाही. स्वतः न बोलता रोज सहा कप रिचवतात. जुनी तुला दिली, त्याची शिक्षा आम्ही भोगतोय! असो. जपून राहा, लोभ असाच राहू दे.

दादा


डंडी, ५ जानेवारी १९७५

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

दादाने खोटं सांगितलं, माझ्या सांगण्यावरून. तुमची गाळणी साबणात धुतली गेली. ती आता कामाची नाही. चूक माझी, मी ती उघड्यावर ठेवली. तुम्ही बेचव कॉफी पिताय आणि मी इथे फर्मास फर्मास म्हणतेय, हे मला सहन होईना. रागवा, पण रागवायला तरी पत्र लिहा.

तुमची,
स्यू लान


ताइपिंग, २ फेब्रुवारी १९७५

चि. स्यू लान हिस आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, म्हणून कामाचं लिहितो.

तुझं नोव्हेंबरचं पत्र पोस्टमनने माझ्याच हातात दिलं. पाकिटावर नाव चिन फोंगचं होतं, पण दुकान माझं आहे. वाचलं आणि त्याच दिवशी कापड आणलं. चिन फोंगला वाटलं, मी माझ्यासाठी शिवतोय. त्याला कॉफीतलं कळत नाही आणि माणसांतलंही कळत नाही. पण मुलगा चांगला आहे, तुझं गुपित त्याने फोडलं नाही.

सोबत गाळणी आहे. दोन महिने मुरवली आहे, आता काळी झाली. कापडाची चव गेली, हे तुझ्या वहिनीने तोंड वाकडं न करता कप संपवला तेव्हा कळलं. वापरून झाली, की नुसत्या गरम पाण्यात खंगाळ आणि गार पाण्यात बुडवून ठेव. कॉफी करताना उकळतं पाणी थोडं थोडं ओत, एकदम नको.

पार्सलात दुसरी पांढरी गाळणी आहे. ती मिसेस रेनींना दे. तिला हवी तेवढी धू म्हणावं. परक्या पोरीचे कपडे कोण धुतं? भली बाई आहे. तिला आपली कॉफी पाज, दूध जास्त घालून.

स्टेशनवर आलो नाही. चूल सोडता येत नव्हती असं मी सगळ्यांना सांगितलं, ते खोटं होतं. तुला गाडीत चढताना बघवलं नसतं. आजारी माणसांची भांडी उचलण्यात कमीपणा नाही, मी चुकीचं बोललो.

तुझं शिक्षण संपायला अडीच वर्षं आहेत. ही गाळणी तेवढीच टिकेल. फाटली, की दुसरी पाठवणार नाही. मग घरी येऊन पी.

बाबा