मोज्यांनी बुजलेला किल्ला

तीर्थरूप अक्कास धाकट्याचा लांबूनच नमस्कार. (जवळून केला की तू पाठीत धपाटा घालतेस, आणि पाठ आता पूर्वीची राहिली नाही.)

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणजे तू निदान पळत तरी चढत नसशील असं धरून चालतो. माझी तब्येत उत्तम. रक्तदाब जरा वर आहे, पण त्याचं कारण पुढे येईलच. आमची ही मजेत आहे; इतकी मजेत, की मला संशय येतो. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू माझं एक वाक्य धड पुरं होऊ देत नाहीस आणि आजचं बोलणं पुरं व्हायलाच हवं. तुझ्या ब्रशच्या कारखान्यात यंत्रं बसवायची आहेत, यंत्रवाला सही घ्यायला येऊन बसणार आहे, तेव्हा कुठलं यंत्र घ्यावं आणि सहा कामगार बायकांपैकी किती ठेवाव्यात याची योजना मी करून द्यावी, असं तू सांगितलं होतंस. वर म्हणालीस, साबणाच्या कारखान्यात जन्मभर हेच तर केलंस! केलं, नाही कुठे म्हणतोय? तरी योजना अजून तुझ्या हातात नाही, कारण मी तिची आधी चाचणी घ्यायला गेलो. एका किल्ल्यावर.

झालं असं. मागच्या वेळी तुझ्याकडे आलो होतो तेव्हा सूनबाईच्या स्वयंपाकघरातले डबे मी नव्याने लावले. (त्यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. चहा एका टोकाला, साखर दुसऱ्या टोकाला! साबणाच्या कारखान्यात असं कुणी ठेवलं असतं तर मी त्याला उभा आडवा घेतला असता.) पोरगी गुणाची. मी निघताना फक्त माझ्या लॅपटॉपवर एक खेळ घालून दिला आणि गोड हसून म्हणाली, "मामा, हा किल्ला तुम्ही चालवा. हे स्वयंपाकघर मी चालवते."

खेळ म्हणजे एक डोंगर. तो पोखरून आत किल्ला करायचा. त्यात दाढीवाले बुटके राहतात. ते खणतात, पेरतात, विणतात, दारू गाळतात आणि ती पिऊन भांडतात. हुकूम आपण सोडायचे, ऐकायचे की नाही ते त्यांनी ठरवायचं. थोडक्यात, आपल्या घरासारखंच. त्यांची खरी नावं घेताना माझी कवळी निसटते, म्हणून मी आपली सोपी नावं ठेवली. दिवसभर खाणारा तो पोटोबा, कुणाशीही वाकडा तो चिडका, आणि एका कोपऱ्यात मान खाली घालून लाकडाची पिंपं बनवणारा एक म्हातारा होता, तो पिंपवाला काका. पहिले काही दिवस मी नुसता बघत बसलो आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक मोजा विणायचा तर हा गडी खाली जाऊन सूत आणणार, वर येताना गप्पा मारणार, मध्येच झोपणार, उठून पुन्हा खाली जाणार. अगं, हा काय कारभार झाला? मी पडद्याकडे बघून ओरडायला लागलो. शेजारीण हिला विचारून गेली, की तुमच्याकडे पाहुणे आलेत का, आणि ते इतके आळशी कसे!

मग मात्र मी बाह्या सरसावल्या. नदीचं पाणी आत वळवलं, पाणचक्की बसवली, तिच्यावर माग जोडले. सूत एका बाजूने आत, मोजे दुसऱ्या बाजूने बाहेर, बाहेर पडलेला माल उताराच्या रुळांवरून गाड्यांनी थेट कोठारात. पेरणी आपोआप, दळण आपोआप. दारूला तर थेट नळच बसवला, म्हणजे पिंपांची कटकटच नको. प्रत्येक हुकुमापुढे मी "सतत चालू" अशी खूण केली. (लाईन बंद पडणं म्हणजे मला घरात कुणी आजारी पडल्यासारखं वाटतं, तुला ठाऊकच आहे.) ज्या दिवशी सगळं पहिल्यांदा एकसाथ फिरलं ना अक्का, त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हिला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, पण हे मोजे घालणार कोण?

बायकांना मोठं काही दिसतच नाही, असं मी मनात म्हणालो. (मनातच. मी निवृत्त झालोय, वेडा नाही.) पण मेली शंका मनातून जाईना. गंमत बघ. आमच्या कारखान्यात माल तयार झाला की संध्याकाळी ट्रकमध्ये चढायचा, गेटबाहेर पडायचा, आणि माझा विषय संपायचा. पुढे तो साबण कुणी अंगाला लावला की दुकानात पडून राहिला, याची मी जन्मात चौकशी केली नाही. त्याच सवयीने मी किल्ल्यातली लाईन अगदी गेटपर्यंत नेटकी आखली. फक्त ट्रक येणारच नव्हता. वर्षातून एकदा एक व्यापारी दोन गाढवं घेऊन यायचा, तोसुद्धा मिठाची चौकशी करत. मोज्यांनी कोठार भरलं. मग जिने भरले, मग जेवणघर. पोटोबा जेवायला बसला की आधी ताट शोधायला मोजे उपसायचा. हिने एकदा डोकावून पाहिलं आणि स्वतःच्या पायांकडे बघत निघून गेली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं!

खरा घोळ याहून वेगळाच होता. कामं सगळी चक्की करत होती, त्यामुळे बुटके रिकामे. मला वाटलं, खूष असतील लेकाचे! पण दिवसभर नुसती भांडणं. त्या खेळात कुठल्याही बुटक्यावर बोट ठेवलं की त्याच्या मनात काय चाललंय ते वाचता येतं. (ही सोय खऱ्या कारखान्यात नाही ते बरंय, नाहीतर मला माझ्याबद्दल काय काय वाचावं लागलं असतं!) पिंपवाला काका आपल्या बंद पडलेल्या बाकाशी नुसता उभा असायचा. मी त्याच्यावर बोट ठेवलं. लिहिलं होतं, की याने पुष्कळ दिवसांत हाताने काही बनवलेलं नाही, म्हणून याला करमत नाही. याला कुठे जावं ते कळत नाही. ही माझ्या मागे उभी होती. तिने ते वाचलं आणि हळूच म्हणाली, "अहो, हे तर तुमचंच लिहिलंय."

मला राग आला. म्हटलं, माझा काय संबंध? आणि मला नको ते सुचलं. काकाला मी "देखरेख प्रमुख" केलं, स्वतंत्र खोली दिली, दगडी खुर्ची दिली. काम काहीच नाही, मान भरपूर. तो त्या खुर्चीवर जेमतेम टेकला असेल नसेल, उठला, तरातरा पाणचक्कीकडे गेला आणि नदी अडवणाऱ्या मुख्य दरवाजाचा खटका ओढून मोकळा झाला. सगळी नदी आत! माझ्या तोंडचं पाणी पळालं. बुटके वरच्या मजल्याकडे धावतायत, चिडका त्या गडबडीतही कुणाशी तरी भांडतोय, मी सगळे हुकूम एकदम दाबतोय, आणि कोठारातला मोज्यांचा अख्खा डोंगर पाण्याबरोबर वाहत येऊन अरुंद बोगद्यात असा काही अडकला, की पाणी जागच्या जागी थांबलं. वरचे मजले कोरडे राहिले. एकही बुटका दगावला नाही. (म्हणजे जास्तीचं उत्पादन वाया जात नाही, हे माझं मत सिद्ध झालं. हिला ते मान्य नाही.)

त्या लोंढ्यात चक्की मोडली ती मी पुन्हा उभारलीच नाही. फक्त दळणाचं जातं तेवढं पाण्यावर ठेवलं, कारण हाताने दळताना त्यांचे हात सोलवटायचे. दारूचा नळ काढला. काकाला त्याचा बाक परत दिला. त्याने पहिलं पिंप केलं ते एका बाजूला कललेलं होतं, आणि मनात लिहून आलं, की आज याला बरं वाटतंय. एवढ्याशा ओळीने मला अक्का, खरं सांगतो, भरून आलं.

तर तुझी योजना सोबत जोडली आहे. तार पिळायचं यंत्र घे, कारण ती तार बोटं कापते. बाकी काही घेऊ नकोस. सहाच्या सहा बायका ठेव. यंत्रवाल्याला सांग, की एवढे ब्रश होतील ते न्यायला ट्रक पाठव, मग बोलू. तो पुन्हा तोंड दाखवणार नाही. गुडघ्याला जप आणि सूनबाईला माझे आशीर्वाद कळव.

तुझा आज्ञाधारक (आता तरी),
धाकटा

ता. क. योजनेच्या नकाशात ब्रशचे केस कातरायच्या टेबलाशी सहाऐवजी सात खुर्च्या दिसतील. ती चूक नाही. खिडकीजवळची सातवी अजून कुणाची ठरलेली नाही.

ता. क. २. कुणाची ते सांगूनच टाकतो. माझी. पगार नको. मी सकाळी उठतो, दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि मग काय करायचं ते मला कळत नाही. मला कातर दे. कुणाला काही शिकवणार नाही, खुर्च्या हलवणार नाही, चहासाखर जिथे असेल तिथे राहू देईन. नाही म्हणायचं असेल तर सरळ म्हण, मी राग मानणार नाही. (मानीन, पण दाखवणार नाही.)

ता. क. ३. वन्सं, हे मी लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, तेव्हा वाचलं. हे पत्र टपालाने येणार नाही. "टपालाचा काही भरवसा नाही" म्हणून हे स्वतःच घेऊन निघालेत, इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणजे तुम्ही हे वाचत असाल तेव्हा स्वारी तुमच्या समोर उभी असेल, आणि भिंतीकडे बघत असल्याचं नाटक चाललं असेल. हसू आलं तर आवरा. आधी कातर हातात द्या, मग खुशाल हसा.