पायथन शिकल्याचं कुणाला सांगू नका

तांता शहरातल्या सगळ्या मामांमध्ये थोर असलेल्या आदरणीय रऊफमामा,

तुम्हाला वगदीचा सलाम, आईचाही. गुडघा कसा आहे? गच्चीवरची कबुतरं? (आधी गुडघ्याचं विचारलं, हे कबुतरांना कळवू नका.) आम्ही इकडे कैरोत ठीक आहोत, म्हणजे मी सोडून सगळे.

मामा, संगणकाच्या पीएचपी या भाषेवर मी इतकी वर्षं पोट भरलं. गेल्या वर्षी कचेरीत कुजबुज सुरू झाली की जुनी कामं बंद, यापुढे सगळं पायथनमध्ये. पीएचपीवाल्याला बढती सोडाच, बसायला खुर्चीही राहणार नव्हती. म्हणून मी मुकाट्याने पायथन शिकायला घेतली. 'मुकाट्याने' हा हुकूम आईचा. "काम पुरं होईस्तोवर तोंडातून ब्र काढू नकोस, दृष्ट लागते," असं बजावून तिने माझ्या लॅपटॉपच्या पोटाला निळा मणी चिकटवला. (तेव्हापासून तो टेबलावर डुगडुगतो.) मी तर्काने चालणारा माणूस, असलं काही मानत नाही. पण आईचं मन कोण मोडणार?

मग लपवाछपवी सुरू झाली. आमचे हाझेमसाहेब मागून आले की मी झटकन स्क्रीन झाकायचो. अखेर त्यांनी मला बाजूला घेऊन, कामाच्या वेळात भलतंसलतं बघू नये, यावर बोधामृत पाजलं. मी मान खाली घालून "चुकलं" म्हणालो. बदनामी पत्करली, पण पायथन कबूल केली नाही. उलट आमच्या कचेरीतला मोअताज! पायथनच्या वर्गाला नाव घातल्यापासून रोज नेटवर डांगोरा: आज पहिला धडा, आज दुसरा, आज शिक्षक माझ्याकडे बघून हसले.

एके दिवशी हाझेमसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पायथन कुणाला येते?" प्रश्न संपायच्या आधी मोअताजचा हात वर. माझाही निम्मा वर गेला, पण आईचा चेहरा आठवला आणि त्या हाताने मी डोकं खाजवलं. मोअताज नव्या चमूचा प्रमुख झाला. दुसऱ्या दिवशी साहेबांना खरं सांगितलं, तर म्हणाले, "नोकरी जायची वेळ आली की सगळ्यांनाच येते रे! इतके दिवस काय तोंड शिवलं होतंस?" आता रविवारी माझी परीक्षा. नापास झालो तर घरी, आणि परीक्षक मोअताज! थट्टा बाजूला ठेवून सांगतो मामा, मला भीती वाटते. या वयात पुन्हा दारोदार फिरायचं बळ नाही माझ्यात.

असो. माझा भरवसा फक्त मेहनतीवर. तुमची दुआ असू द्या.

तुमचा भाचा,
वगदी

ता. क. : इन्शिराहमामी कशा आहेत? गेल्या ईदला त्यांनी आमच्या नव्या फ्रिजचं कौतुक केलं आणि तो संध्याकाळीच बंद पडला. यात त्यांचा काही दोष नाही, मी असलं मानत नाही. मात्र गुरुवारी दोघंही या. आई बदक करणार आहे. जेवणाआधी मी मामींना कचेरी दाखवीन आणि मोअताजसमोर खुर्ची देऊन बसवीन. त्यांनी त्याला निवांत न्याहाळावं, पोरगा फार हुशार आहे असं तोंडभरून म्हणावं. दृष्ट लागू नये म्हणून म्हणतात ते 'माशाल्लाह' म्हणायची घाई नको.

आणखी ता. क. : मामींनी माझी चौकशी केलीच, तर सांगा, वगदीचे केस गळलेत आणि अक्कल बेताचीच आहे. आणि हे पत्र त्यांना दाखवू नका. अक्षर सुरेख आहे म्हणाल्या, तर संपलंच. रविवारची परीक्षा मला याच हाताने द्यायची आहे.